पद्माकरभाऊंचं गळकं मशीन

मागच्या महिन्यात आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेल्या नव्या जोडप्याने भांडी घासायचं मशीन घेतलं. कंपनीची दोन पोरं आली, नळ्या जोडल्या, चालवून दाखवलं आणि निघूनही गेली. ते बघायला अख्खी विंग गोळा झाली होती. चकचकीत, करड्या रंगाचं मशीन. आवाज म्हणाल तर कान लावून ऐकावा लागेल एवढाच. सगळे कौतुक करत होते आणि मी मात्र त्याच्या दाराखालच्या फटीकडे बघत उभा होतो. पाणी येतंय का ते बघत. येत नव्हतं. मग मला तिथे थांबवेना. चहा न घेताच खाली आलो. नीला, माझी बायको, म्हणाली, "भाऊंची आठवण आली ना?"

पद्माकरभाऊ आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर राहायचे. खरं तर आम्हीच त्यांच्याकडे राहायला आलो होतो असं म्हणायला हवं. उमेळ्यातली ही आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या वाडवडिलांच्या वाडीत. इथे केळी होत्या, चिकू होते, आणि पलीकडे खाडीच्या अंगाला भात. भावाभावांनी मिळून जमीन बिल्डरला दिली आणि प्रत्येकाच्या वाट्याला फ्लॅट आले. त्यामुळे भाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी पायाखाली बघायचे. "मास्तर, तुमचा हॉल म्हंजे आमचा गोठा," हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. मी साताऱ्याकडचा, इथल्या शाळेत शिकवायला आलेला माणूस. नव्या फ्लॅटच्या आनंदात होतो. आपण गोठ्यात राहतो हे ऐकून माझं तोंड उतरलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "वाईट नका वाटून घेऊ. गाई चांगल्या व्हत्या."

बुटका, काटक माणूस. घरात कायम बनियन आणि हाफ पँट, खांद्यावर फडकं. बाहेर जाताना शर्ट चढायचा, पण त्या शर्टाच्या खिशात टेस्टर असायचाच. लग्नाला गेले तरी असायचा. एकदा मी विचारलं, "लग्नात टेस्टर कशाला हो भाऊ?" तर म्हणाले, "मांडवात लाईट गेली तर पोरगी अंधारात सासरी जाईल काय?" कुठेही पाण्याचा टिपूस दिसला की त्यांना चैन पडायचं नाही. जिन्यातल्या पाइपला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. मुलं हसायची. भाऊ म्हणायचे, "पानी खोटं बोलत नाय. जिथनं येतं तिथनंच येतं. आपल्याला बघता येत नाय, एवढंच."

त्यांचं सगळं तरुणपण आखातात गेलं. तिकडच्या एका मोठ्या हॉटेलात ते पंप, बॉयलर, धुलाईची यंत्रं सांभाळायचे. गावी यायचे ते दोन वर्षांतून एकदा, तेही लावणीच्या दिवसांत, म्हणजे आले की थेट चिखलात. इकडे त्यांच्या बायकोने, शकुंतलावैनींनी, सासू-सासरे, दीर-जावा, गडीमाणसं असा सगळा खटला ओढला. दोन्ही वेळची भांडी विहिरीवर, राखेने. त्यांच्या हातांचं जे झालं ते तेव्हापासूनचं. बोटांच्या पेरांना भेगा, तळव्यांची साल निघालेली. थंडीत त्या भेगांतून रक्त यायचं. पुढे राखेच्या जागी साबण आला आणि दुखणं आणखी वाढलं. हात साबणाच्या पाण्यात घालायचे नाहीत, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. भरल्या घरातल्या बाईला हे सांगून डॉक्टर मोकळे झाले. कामाला बाई ठेवावी तर वैनींना दुसऱ्या कुणाची घासणी पटायची नाही.

भाऊ कायमचे परत आले ते या हातांसाठी मशीन घेऊन. हॉटेलमालकाच्या घरातलं ते जुनं मशीन होतं. मालकांनी मोडीत काढलं, भाऊंनी मागून घेतलं आणि लाकडी खोक्यात घालून बोटीने पाठवलं. साईच्या रंगाचं, पुढे फिरवायच्या दोन मोठ्या चकत्या, आणि वजन असं की लिफ्टमध्ये घालायची कुणाची छाती झाली नाही. पुतण्यांनी दोरखंड बांधून जिन्याने वर चढवलं. भाऊंनी तिजोरी आणली अशी बातमी तोवर गावभर झाली होती. भाऊंनी सगळ्यांदेखत खोक्याच्या फळ्या उपसल्या, दार उघडून आतल्या जाळ्या पुढे ओढून दाखवल्या आणि मोठ्याने म्हणाले, "शकू, आता तुझ्या हाताला पानी लागनार नाय." एवढ्या माणसांत नवऱ्याने नावाने हाक मारली म्हणून वैनी पदराआड हसल्या आणि आत निघून गेल्या. भाऊ मात्र तोंडभर हसत उभे होते. आयुष्यभराची चूकभूल एका खोक्यातून भरून आणल्याचं समाधान त्या चेहऱ्यावर होतं.

आणि त्याच दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर मशीन चालू केलं, तर ते गळलं.

दाराच्या खालच्या कडेने आधी थोडा फेस, मग पाणी. भाऊंना त्याचं काहीच वाटलं नाही. बोटीत हिंदकळलं असेल, म्हणाले. त्यांनी नळीची क्लिप बदलली. गळलं. नळी बदलली. गळलं. दाराचं रबर म्हातारं झालंय म्हणून ते काढून त्या जागी फ्रिजच्या दाराचं रबर कापून बसवलं. तरी गळलं. पहिला थेंब कुठे पडतो ते कळावं म्हणून मशीनखाली तांदळाचं पीठ पसरलं, तेव्हा वैनी म्हणाल्या, "आता भोवती रांगोळी पन काढते. बसवा देव आतमधी." पावडर जास्त फेसाळते की काय म्हणून पावडरी बदलून झाल्या. बोअरच्या पाण्याला दोष देऊन टँकरचं पाणी घालून झालं. दाराखालून येणारं पाणी आमच्या स्वयंपाकघराच्या छतालाही ओल द्यायचं. मग भाऊ शिडी आणि चुन्याचा डबा घेऊन स्वतः यायचे, डाग बुजवायचे आणि ओट्यावर वेलची केळ्यांची फणी ठेवून जायचे. मी तक्रार कधी केलीच नाही. केळी फार चांगली असायची.

एक गोष्ट त्यांना फार छळायची. मशीन रिकामं चालवलं तर एक थेंब गळायचं नाही. पावडर घालून चालवा, गरम पाण्यावर चालवा, कोरडं ठणठणीत. आणि भांडी लावली की गळलंच. "रिकामं गळत नाय, भरलं का गळतं. म्हंजे वजनाचा खेळ हाय," असा त्यांनी निकाल लावला. भांड्यांच्या भाराने मशीन पुढे कलतं आणि दार सैल पडतं, असं त्यांचं म्हणणं. मग पायाखाली कडाप्प्याच्या चकत्या सरकवणं सुरू झालं. लेव्हलची बाटली घेऊन मशीन, मग ओटा, मग अख्खं स्वयंपाकघर मोजलं. शेवटी मला हाताला धरून वर नेलं आणि गंभीरपणे सांगितलं, "मास्तर, आपली जुनी विहीर या किचनच्या खालीच व्हती. बिल्डरने राबीट टाकून बुजवली. बिल्डिंग त्या अंगाला बसतेय." मला पुढचे कित्येक दिवस ओट्याशी उभं राहताना पाय जपून टाकावासा वाटत होता.

हसू यायचं, पण त्यामागची त्यांची घालमेल बघितली की हसू पळायचं. कारण दुपारी काम आटोपलं की ते वैनींना हाक मारायचे, "हात दाखव." वैनी हात पुढे करायच्या. भाऊ चष्मा लावून एकेक पेर बघायचे. भेगा तशाच. त्यावर ते मलम लावायचे, पेरापेरावर, न बोलता. त्यांची खात्री झाली होती की हात बरे होत नाहीत ते मशीनच्या गळतीमुळेच. वैनी ते साबणाचं पाणी पुसतात आणि पुन्हा हात खराब होतात. म्हणून त्यांनी पोतेरं स्वतःकडे घेतलं. वैनींनी फरशीला हात लावायचा नाही, असं ठरवलं. तरी भेगा तशाच. मग ते आणखी चिडून मशीनला भिडायचे. "तिकडं माझ्या हाताखालची इतकी मशिनं, एक गळू दिलं नाय मी," ते मला म्हणाले होते. "हे एकच घरातलं, हेच ऐकत नाय. तिला एक गोष्ट देईन म्हटलं, ती पन धड देता येत नाय." त्यांचे डोळे भरले होते. मी आमच्या छताचा डाग बघत बसलो.

पण त्या स्वयंपाकघरात मी आणखीही काही बघितलं आहे. भाऊ फरशीवर आडवे होऊन मशीनखाली डोकं घालून बसलेले, आणि समोर पाटावर वैनी मेथी निवडत. भाऊंनी हात बाहेर काढला की त्यात नेमका पाना द्यायच्या. पक्कड कोणती, पाना कोणता, सगळं त्यांना पाठ झालं होतं. आणि बोलणं चालू. हे आखातात असताना कोणाच्या बारशाला काय झालं, सासऱ्यांनी शेवटी काय खायला मागितलं, पुराचं पाणी वाडीत शिरलं तेव्हा कोणी कोणाला खांद्यावर घेतलं. भाऊ मशीनखालून "मग?" म्हणायचे. वैनी हसत पुढचं सांगायच्या. त्या दोघांच्या संसारातल्या राहून गेलेल्या गप्पा त्या ओल्या फरशीवर झाल्या. मी काही कामाने गेलो तरी दारातूनच परत यायचो.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी वैनींच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं, आणि त्या परत आल्या नाहीत. त्या दवाखान्यात असताना एक दिवस भाऊ अंघोळीला म्हणून घरी आले होते आणि तेवढ्या वेळात त्यांनी मशीनला नवीन रबर बसवलं. कुठूनतरी मागवलेलं, अगदी त्याच मापाचं. "ती येईस्तोवर व्हायला पायजे," असं पुटपुटत बसवत होते. दाराचा कोपरा मी धरला होता.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. एकुलती लेक ज्योती पालघरला दिलेली; तीही घरी गेली. त्यानंतर एका दुपारी भाऊंनी मला वरून हाक मारली. आवाज असा की मी चपला न घालताच धावलो. ते मशीनसमोर उकिडवे बसले होते. मशीन घरघरत होतं. आत त्यांची स्वतःची दोन-चार खरकटी भांडी होती आणि खाली फरशी कोरडी होती.

"मास्तर, बसलं रबर," ते म्हणाले. "बघा. थेंब नाय."

मशीन थांबेपर्यंत आम्ही दोघे तसेच बसलो. थेंब आला नाही. भाऊंनी दाराखाली तळहात फिरवला, तो उलटा करून बघितला आणि मग त्याच हाताने तोंड झाकून रडले. "थोडं आधी बसायचं ना रे," एवढंच ते त्या मशीनला म्हणाले. बायको गेल्यावर माणूस रडतो ते वेगळं. हे रडणं मला ऐकवत नव्हतं.

घरी येऊन मी नीलाला सांगितलं, की बघ, नशीब कसं असतं, आत्ता बसलं ते रबर. नीला ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका त्यांच्याजवळ." मी विचारलं, काय बोलू नको? तर म्हणाली, "काहीच नाही." मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

त्यानंतर भाऊ रोज मशीन लावायचे. एक ताट, एक वाटी, एक पेला. आणि रोज कोरडी फरशी.

दिवाळीला ज्योती आली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. वालाचं बिरडं होतं, अगदी वैनींच्या हातचं वाटावं असं. जेवणं झाल्यावर भाऊ लेकीला म्हणाले, "ज्योती, भांडी लाव मशीनला. तुला एक दाखवतो." ती आत गेली. थोड्या वेळाने मशीनची घरघर सुरू झाली तसे भाऊ उठले आणि आम्हालाही घेऊन स्वयंपाकघरात गेले. फरशीवर बैठक मारून लेकीला म्हणाले, "आता बघ. तुझ्या बापाने काय केलंय."

आम्ही सगळे बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने दाराच्या खालच्या कडेला पांढरा फेस दिसला. मग पाणी आलं आणि भाऊंच्या पायापर्यंत पोचलं.

भाऊ हलले नाहीत. "थांबलं व्हतं," ते म्हणाले. "मास्तरांना विचार. थांबलं व्हतं." त्यांनी मशीन बंद करून दार उघडलं. आतून फेसाचा ढीगच्या ढीग बाहेर आला. त्यांनी तो बोटांत घेतला, चोळला, नाकाशी नेला. "ही पावडर नाय," ते म्हणाले. "हा भांड्याचा साबन हाय. कोनी घातला?"

"घातला नाही, बाबा. घासून लावली ना मी भांडी," ज्योती म्हणाली.

"घासून?"

"मग? खरकटी कशी ठेवणार आत बंद करून? आईने तर मला ओरडून ओरडून शिकवलंय. आधी सगळं साबणाने घासायचं. फक्त साबण धुवून काढायचा नाही, तसंच आत लावायचं. धुवायला मशीन आहेच, पाणी कशाला दोनदा घालवायचं?"

"आई असं करायची?"

"पहिल्यापासून."

ज्योतीला वाटलं, आपण काहीतरी बिघडवलं. ती घाईने पोतेरं शोधायला लागली. भाऊ तिला "ऱ्हाऊ दे" म्हणाले. मग त्यांनी मान वर करून नीलाकडे बघितलं. नीला खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"वैनी, तुमाला ठावं व्हतं?"

"हो, भाऊ."

"मग ती मला बोलली का नाय?"

नीला डोळे पुसत वळली. "मी त्यांना म्हटलं होतं, सांगून टाका. तर म्हणाल्या, मानूस एवढ्या लांबनं जीव लावून आनतो, त्याला कसं सांगू का खरकटं घरात कोंडून मला जेवन जात नाय? आणि म्हणाल्या, गळतंय ते बरंच हाय. सगळी वर्सं नुसता फोनवर आवाज ऐकला. आता गळतंय तवर माझ्यासमोर तरी बसतात."

गळती त्या साबणाची आहे हे वैनींना कळलं होतं का, ते नीलालाही माहीत नाही. आणि आता विचारणार कोणाला?

भाऊ आपल्या ओल्या हाताकडे बघत राहिले. "रोज हात बघत व्हतो मी तिचे," ते हळूच म्हणाले. "रोज. मशीनचा एकेक स्क्रू काढला. कशी लावतेस तेवढी दाखव, असं एकदा नाय विचारलं." नीलाने सांगितलेल्या त्या समोर बसण्याच्या गोष्टीने त्यांना काही आधार वाटला की नाही, मला सांगता येणार नाही. मला तर तेव्हा तिथून पळून जावंसं वाटत होतं. ज्या हातांसाठी त्यांनी ते धूड समुद्रापलीकडून आणलं, त्या हातांना एक दिवसही सुटी मिळाली नव्हती. उलट भाऊंना वाईट वाटू नये हे एक काम त्यांच्या मागे वाढलं होतं.

त्यानंतर ते मशीन पुन्हा सुरू झालं नाही. ज्योतीने हट्ट धरला आणि थंडीत ती भाऊंना पालघरला घेऊन गेली. तिथे ते फार दिवस राहिले नाहीत. पुढे त्यांच्या जाण्याचा फोनच आला. म्हणजे पालघरला निघायची सकाळ ती त्यांची माझी शेवटची भेट.

खाली टेम्पोत सामान चढत होतं. मी निरोप घ्यायला वर गेलो तर घर रिकामं, आणि स्वयंपाकघरात नळाचा आवाज. भाऊ ओट्यापाशी उभे होते. टेम्पोवाल्यांना दिलेल्या चहाचे कप घासत होते. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. कप घासायची सवय नव्हती, ते दिसतच होतं. एकच कप आतून, बाहेरून, कानाशी, पुन्हा आतून.

मी म्हटलं, "अहो भाऊ, ठेवा ते. नीला करेल नंतर. ज्योती खोळंबलीय खाली."

"नको," ते म्हणाले. मागे न बघता त्यांनी कप नळाखाली धरला. बोटं लाल झाली होती.

"मास्तर, पानी किती गार असतं हो सकाळचं," ते म्हणाले, आणि पुढचा कप उचलला.